केनेडींची कंबर आणि न सापडलेली चकती

जॉन एफ. केनेडी म्हटले की दाट केसांचा, उन्हात रापलेल्या चेहऱ्याचा, हसरा तरुण अध्यक्ष डोळ्यांसमोर उभा राहतो. वयाच्या ४३ व्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आलेला हा माणूस लोकांना ठणठणीत प्रकृतीचा पुतळाच वाटे. छायाचित्रांत जे दिसत नव्हते ते असे : कोटाच्या आत कमरेभोवती घट्ट आवळलेला कॅनव्हासचा पट्टा, डाव्या बुटाखाली चढवलेली जादा टाच आणि सभागृहाच्या दाराशी मदतनिसाच्या हाती सोपवलेल्या कुबड्या. १९४४ ते १९५७ या तेरा वर्षांत त्यांच्या कमरेवर चार वेळा सुरी चालली. त्यातल्या दोन शस्त्रक्रिया दुखणे बरे करण्यासाठी होत्या, उरलेल्या दोन आधीच्या शस्त्रक्रियेने उभे केलेले प्रश्न निस्तरण्यासाठी.

आज कंबरदुखीच्या रुग्णाच्या हाती एमआरआयचा अहवाल येतो. त्यात एल-फोर एल-फाइव्ह या ठिकाणी ‘डिस्क बल्ज’, ‘अ‍ॅन्युलर टेअर’ असे काही लिहिलेले असते. रुग्ण घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप आली’ असे भाषांतर झालेले असते. मग वाकणे बंद, जमिनीवर बसणे बंद, नातवाला उचलणे बंद. केनेडींना एमआरआय कधी करावा लागला नाही. ते तंत्र रुग्णालयांत आले तेव्हा त्यांना जाऊन जवळपास दोन दशके झाली होती. पण दुखते आहे ते नेमके कशामुळे, आणि चकतीत दिसणारा दोष हाच त्या दुखण्याचा धनी का, हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांपुढेही होता. त्याचे उत्तर घाईने देण्याची किंमत केनेडींनी मोजली.

त्यांचा जन्म २९ मे १९१७ रोजी बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनचा. घर श्रीमंत, पण पोर आजारी. तीन वर्षांचे होण्याआधीच स्कार्लेट फीव्हरने मरणाच्या दारात जाऊन आलेले. पुढे पोटाची दुखणी, जुलाब, वजन न वाढणे, निदान न होणारे ताप. शाळेची कितीतरी वर्षे रुग्णालयांच्या खाटांवर गेली. हार्वर्डमध्ये असताना अमेरिकन फुटबॉल खेळताना पाठीला दुखापत झाली आणि कंबरदुखी मागे लागली, असे सांगितले जाते. ती दुखापत कितपत मोठी होती याबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. दुसरे महायुद्ध पेटल्यावर त्यांना सैन्यात जायचे होते, पण ही पाठ घेऊन ते वैद्यकीय तपासणीत पास होईनात. अखेर वडिलांच्या ओळखीने १९४१ च्या ऑक्टोबरात नौदलाचे दार उघडले.

त्यांना प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांजवळ पीटी-१०९ या छोट्या, लाकडी, वेगवान टॉर्पेडो नौकेची कमान मिळाली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये, १ आणि २ तारखेच्या मधल्या काळोख्या रात्री, अमागिरी ही जपानी विनाशिका थेट तिच्यावर आदळली. नौकेचे दोन तुकडे झाले. तेरा जणांपैकी दोघे गेले. उरलेले अकरा जण तरंगत्या सांगाड्याला धरून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पाच-साडेपाच किलोमीटर अंतर पोहत एका निर्जन बेटावर पोहोचले. एक सहकारी भाजून निकामी झाला होता. त्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी चार तासांच्या आसपास पोहत राहिले. पुढचे काही दिवस नारळाच्या पाण्यावर काढले. शेवटी दोन स्थानिक बेटवासीयांनी नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप नेला आणि ८ ऑगस्टला सुटका झाली. युद्धवीर म्हणून नाव झाले. पण मायदेशी परतलेल्या या सव्वीस वर्षांच्या तरुणाला कंबर सरळ करता येत नव्हती.

इथे बोस्टन शहराविषयी थोडे सांगायला हवे, कारण केनेडींच्या कमरेचे पुढे जे झाले त्याचा धागा या शहराशी बांधलेला आहे. १९३० च्या आधी कमरेतून पायात जाणाऱ्या कळेला, म्हणजे सायटिकेला, कधी संधिवात, कधी नसेची सूज, कधी कटिभागातील सांध्यांचा बिघाड अशी निरनिराळी कारणे चिकटवली जात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील न्यूरोसर्जन विल्यम मिक्स्टर आणि अस्थिरोगतज्ज्ञ जोसेफ बार यांनी, मणक्यांमधली चकती फुटून तिचा गाभा मज्जातंतूवर दाब देतो आणि तो काढून टाकला तर पायाची कळ थांबते, असे दाखवले. त्यांचा लेख १९३४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. शोध खरा होता, मोलाचा होता. पण खरा शोधही नवा असताना जरा जास्तच ताणला जातो. पायाची कळ चकतीमुळे असू शकते, हे सिद्ध झाले होते. त्यावरून साधी कंबरदुखीसुद्धा चकतीचीच असणार, असे मानायला फार वेळ लागला नाही. त्यात अडचण अशी की एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, चकती दिसत नाही. दोन मणक्यांमधली मोकळी जागा कमी झाली एवढेच कळते. बाकीचे प्रत्यक्ष उघडून पाहायचे.

केनेडींची पाठ जून १९४४ मध्ये बोस्टनच्याच न्यू इंग्लंड बॅप्टिस्ट रुग्णालयात उघडली गेली. फुटून बाहेर आलेली चकती सापडेल अशी अपेक्षा होती. ती सापडली नाही. सापडला तो नेहमीपेक्षा मऊ, झिजलेला कूर्चेचा भाग. तो काढून तपासणीला पाठवला, तर सूक्ष्मदर्शकाखालीही झीज याखेरीज काही निघाले नाही. पहिले काही दिवस बरे गेले. रुग्ण उठून चालू लागला आणि कमरेचे स्नायू असे पिळवटून धरू लागले की तीव्र वेदनाशामके द्यावी लागली. पुढचे महिने नौदलाच्या रुग्णालयात गेले. मार्च १९४५ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून ते नौदलातून निवृत्त झाले.

झीज सापडली, पण दुखणे गेले नाही. ही गाठ त्या वेळी सुटणारी नव्हती, कारण न दुखणाऱ्या माणसाची चकती कशी दिसते हे जिवंतपणी पाहण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते. ते साधन एमआरआयने दिले.

आधी चकती म्हणजे काय ते पाहू. कमरेत पाच मणके असतात आणि दर दोघांमध्ये एक चकती. तिला गादी म्हणतात खरे, पण गादीसारखी ती सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. तिच्या कडेला चिवट तंतूंची एकात एक बसलेली वलये असतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. एका थरातले तंतू उजवीकडे तिरके, तर पुढच्या थरातले डावीकडे. या कडेला अ‍ॅन्युलस म्हणतात. मधोमध पाणीदार, जेलीसारखा गाभा. तरुणपणी या गाभ्यात पाण्याचे प्रमाण भरपूर असते. वयाबरोबर ते घटते, चकतीची उंची थोडी कमी होते आणि हवा थोडी कमी झालेल्या टायरसारखी तिची कड सगळीकडून किंचित बाहेर येते. अहवालात ‘बल्ज’ म्हणतात ते हेच. कडेचा थोडाच भाग पुढे आला तर त्याला ‘प्रोट्रूजन’, आणि गाभ्याचा अंश कड भेदून बाहेर पडला तर ‘एक्सट्रूजन’. गंमत अशी की, दिसायला सर्वांत भयंकर असणारे हे शेवटचे प्रकरण अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते. बाहेर पडलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते.

अ‍ॅन्युलर टेअर म्हणजे त्या वलयांतली चीर. ‘टेअर’ या शब्दाने काहीतरी झटक्यात फाटले असे वाटते. म्हणून मणक्याच्या आणि क्ष-किरण तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनांनी तो टाळून ‘फिशर’, म्हणजे भेग, असा शब्द वापरावा असे सुचवले आहे. उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा भेगा वयोमानाने इथेही पडतात. प्रत्येक भेगेमागे अपघात किंवा जड वजन असतेच असे नाही. या भेगा दुखतच नाहीत असेही नव्हे. वलयांच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात संवेदना वाहणारे बारीक मज्जातंतू असतात, आतल्या भागात ते जवळजवळ नसतात. भेग बाहेरपर्यंत पोहोचली तर कळ उठू शकते. एमआरआयमध्ये चकतीच्या मागच्या कडेला कधी पांढरा चमकदार ठिपका दिसतो. १९९० च्या दशकात हा ठिपका म्हणजे दुखऱ्या चकतीची पक्की खूण, असे काही तज्ज्ञांना वाटले होते. नंतर तोच ठिपका कंबर अजिबात न दुखणाऱ्यांतही सापडू लागला.

न दुखणाऱ्यांची तपासणी हाच या कथेतला कळीचा भाग. मिक्स्टर आणि बार यांचा लेख छापणाऱ्या त्याच नियतकालिकात, बरोबर साठ वर्षांनी, १९९४ मध्ये, कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास आला. निम्म्याहून किंचित जास्त, ५२ टक्के लोकांत कुठे ना कुठे चकतीचा बल्ज होता. २७ टक्क्यांत प्रोट्रूजन होते. सर्व चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास आणि त्यांतल्या ३,११० निरोगी माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. विशीतल्यांपैकी ३० टक्क्यांना बल्ज, ऐंशीच्या घरातल्यांपैकी ८४ टक्क्यांना. भेगांचे प्रमाण विशीत १९ टक्के, ऐंशीत २९ टक्के. चकतीची झीज तर विशीतच ३७ टक्क्यांत आणि ऐंशीत ९६ टक्क्यांत. ही सगळी कंबर न दुखणारी माणसे. म्हणजे कंबर दुखते म्हणून एमआरआय केला आणि त्यात बल्ज दिसला, तर तो दुखण्याआधीपासूनच तिथे असण्याची शक्यता चांगलीच मोठी. केस पांढरे झाले म्हणून डोके दुखते असे कोणी म्हणत नाही. चकतीबाबत मात्र तसे सर्रास म्हटले जाते.

मग चित्राला अर्थ कधी? चित्रातली जागा आणि रुग्णाची तक्रार एकमेकींशी जुळतात तेव्हा. कळ कमरेपेक्षा पायात जास्त असेल, ठरावीक पट्ट्यातून खाली पावलापर्यंत जात असेल आणि त्याच नसेवर चकतीचा दाब दिसत असेल, तर अहवालातला शब्द बोलका ठरतो. पाऊल उचलत नाही, पायाची ताकद कमी होत चालली, लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठायला हवे. ताप, घटणारे वजन, आधी झालेला कर्करोग, म्हातारपणी पडल्यानंतरची कंबरदुखी, यांतही तपासणी लवकर हवी. बाकी बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत उतरते, आणि त्या काळात अंथरुणाला खिळण्यापेक्षा हिंडते-फिरते राहिलेले बरे.

केनेडींच्या नोंदींत कमरेची दुखणी आणि स्नायूंचे धरणे हेच पुन्हा पुन्हा येते. १९४६ मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले. १९४७ मध्ये लंडनला असताना कोसळले आणि तिथे अ‍ॅडिसनचा आजार सापडला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी या आजारात कॉर्टिसॉल तयार करेनाशा होतात. ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा ताणाला तोंड द्यायला शरीराला हेच संप्रेरक लागते. ते नसेल तर रक्तदाब कोसळतो आणि साधे आजारपणही जिवावर बेतते. बोटीने मायदेशी परतताना प्रकृती इतकी खालावली की कॅथलिक धर्मगुरूंकरवी अखेरचे विधी झाले. ते वाचले. मांडीत त्वचेखाली संप्रेरकाच्या गोळ्या बसवण्यात आल्या, पुढे कॉर्टिसोनही मिळू लागले. त्यांच्या चेहऱ्याचा तो प्रसिद्ध तांबूस रापही निव्वळ उन्हाचा नसावा. अ‍ॅडिसनमध्ये कातडीचा रंग गडद होतो.

१९५२ मध्ये सिनेटर, १९५३ मध्ये जॅकलिन बूव्हिए यांच्याशी लग्न, आणि १९५४ च्या मध्यापर्यंत दोन्ही काखांत कुबड्या. सिनेटच्या गुळगुळीत फरशीवरून आपल्या जागेपर्यंत जाणेही संकट झाले. बोस्टनच्या डॉक्टरांनी नव्या शस्त्रक्रियेला नकार दिला. अ‍ॅडिसनच्या रुग्णावर एवढी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ, हे त्यांना ठाऊक होते. केनेडींनाही ठाऊक होते. पण कुबड्यांवर उरलेले आयुष्य काढायची त्यांची तयारी नव्हती. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीने होकार दिला. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी तीन तासांहून अधिक चाललेल्या शस्त्रक्रियेत कमरेचा खालचा भाग आणि माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी धातूच्या पट्टीने आणि स्क्रूंनी जखडून टाकण्यात आले. चकती काढून भागले नाही, तर हलणारा भागच स्थिर करावा, असा त्यामागचा विचार.

तिसऱ्या दिवशी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. प्रतिजैविकांना तो दाद देईना. केनेडी बेशुद्ध झाले आणि पुन्हा एकदा धर्मगुरूंना बोलावणे गेले. यातूनही ते उठले, पण पाठीची जखम भरेना. डिसेंबरात स्ट्रेचरवरून फ्लोरिडातल्या वडिलांच्या घरी नेले. उघड्या, वाहत्या जखमेची मलमपट्टी करायला जॅकलिन शिकल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा सुरी. जिच्यासाठी जीव पणाला लावला ती पट्टी स्क्रूंसकट काढून टाकावी लागली. त्याच आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ हे पुस्तक आकाराला आले. त्यातला मोठा वाटा त्यांचे सहायक टेड सोरेन्सन यांचा होता, ही गोष्ट वेगळी. १९५७ मध्ये या पुस्तकाला पुलित्झर मिळाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या व्रणाखाली साचलेला पू काढण्यासाठी चौथ्यांदा शस्त्रक्रिया झाली.

नोव्हेंबर १९५५ च्या एका अमेरिकी शस्त्रक्रिया नियतकालिकात, अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी असलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना काय खबरदारी घ्यावी यावर लेख आला. त्यात नाव न छापता ३७ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत होती. शस्त्रक्रियेची तारीख आणि तपशील पाहता तो रुग्ण कोण, हे पुढे जाणकारांनी ओळखले. १९६० च्या निवडणुकीत मात्र केनेडींच्या गोटाने अ‍ॅडिसनच्या आजाराचा ठाम इन्कार केला. छापील पुरावा ग्रंथालयांत धूळ खात होता, पण कोणाला सापडला नाही.

१९५५ च्या मे महिन्यात ते सिनेटमध्ये परतले, त्याच महिन्यात त्यांची गाठ डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याशी पडली. मणका सोडून स्नायूंकडे पाहणाऱ्या त्या पहिल्याच. स्नायूंतल्या आखडलेल्या, दाबले की दूरवर कळ जाणाऱ्या बिंदूंवर त्यांचा अभ्यास होता. या बिंदूंत त्या प्रोकेन हे बधिरतेचे औषध टोचत. केनेडींचा डावा पाय किंचित आखूड आहे हेही त्यांनीच टिपले आणि टाच चढवली. पुढे जगप्रसिद्ध झालेली ती डोलखुर्चीही त्यांचीच सूचना. त्यात बसले की कंबर एकाच स्थितीत अवघडून राहत नाही. आराम पडला. १९६१ मध्ये केनेडी अध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेल अध्यक्षांच्या डॉक्टर. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

इंजेक्शनचा गुण काही तास, काही दिवस टिके. मूळ अशक्तपणा तसाच राहिला. मे १९६१ मध्ये कॅनडाच्या दौऱ्यात ओटावाला समारंभपूर्वक वृक्षारोपण करताना केनेडींनी फावड्याने माती उचलली आणि कमरेत सणक भरली. घरी आल्यावर पुन्हा कुबड्या. जूनमध्ये विमानात चढायला जिन्याऐवजी यांत्रिक लिफ्ट लागली. मधल्या काळात, ३ आणि ४ जूनला, व्हिएन्नात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी अण्वस्त्रांच्या सावटाखाली बोलणी. त्या दौऱ्यात न्यूयॉर्कचे डॉ. मॅक्स जेकबसनही बरोबर होते. त्यांच्या इंजेक्शनांत अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक असे. पुढे १९७५ मध्ये जेकबसन यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. एकीकडे प्रोकेन, एकीकडे उत्तेजके, शिवाय अ‍ॅडिसनसाठी स्टेरॉइड. महासत्तेच्या प्रमुखावर एकाच वेळी इतक्या हातांनी उपचार चालू होते आणि त्या सर्वांवर एकाची नजर नव्हती. कोणत्याही छोट्या गावातला रुग्णही तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या खिशात घेऊन फिरतो, तसेच हे.

ही घडी त्यांच्याच डॉक्टरांपैकी दोघांना पाहवेना. अंतःस्रावतज्ज्ञ डॉ. यूजीन कोहेन आणि नौदलाचे डॉ. जॉर्ज बर्कली यांनी आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये डॉ. हान्स क्राउस व्हाइट हाउसमध्ये आले. त्रिएस्तमध्ये जन्मलेले, व्हिएन्नात शिकलेले, १९३८ मध्ये अमेरिकेत आलेले क्राउस नामांकित गिर्यारोहक होते. कंबरदुखीच्या रुग्णांत पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंची किमान ताकद व लवचीकता आहे का, हे पाहणाऱ्या सहा साध्या चाचण्या त्यांनी सोनिया वेबर यांच्यासह बसवल्या होत्या. त्या चाचण्यांत निम्म्याहून अधिक अमेरिकी शाळकरी मुले नापास होत, युरोपातली मात्र दहातले एकही जेमतेम नापास होई. ही आकडेवारी तत्कालीन अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यापर्यंत गेली आणि १९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

क्राउस यांनी केनेडींना तपासले तेव्हा पोटाचे स्नायू इतके दुबळे आढळले की झोपलेल्या स्थितीतून हात न टेकता उठून बसणेही त्यांना जमत नव्हते. मांडीमागचे आणि कमरेचे स्नायू ताठर. वर्षानुवर्षांचा पट्टा, अंथरूण आणि बधिर करणारी इंजेक्शने यांनी स्नायूंना कामच उरले नव्हते. क्राउस यांनी इंजेक्शने थांबवण्याची अट घातली. आठवड्यातून तीन वेळा, व्हाइट हाउसच्या पोहण्याच्या तलावाजवळच्या छोट्या व्यायामशाळेत काम सुरू झाले. आधी सैल सोडणे, मग ताणणे, मग हळूहळू ताकद. प्रत्येक व्यायाम थोडासाच, दुखेपर्यंत ओढायचे नाही, पण चुकवायचाही नाही. यात कोणतेही चमत्कारिक यंत्र नव्हते. १९६२ च्या सुरुवातीला फरक दिसू लागला. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून ऑक्टोबर १९६२ मध्ये जगाने श्वास रोखला, तेव्हा अध्यक्ष कुबड्यांवर नव्हते. १९६३ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा गोल्फ खेळताना दिसले.

त्यांच्या चकत्या आणि हाडे मात्र होती तशीच होती. शस्त्रक्रियांचे व्रण, झीज, सगळे जागच्या जागी. व्यायामाने चकतीतला दोष नाहीसा होत नसतो. इथेही तो झाला नाही, आणि दुखणे पूर्ण गेले असेही नाही. केनेडींचे वैद्यकीय कागद २००२ मध्ये इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना एका डॉक्टरांच्या मदतीने पाहायला मिळाले. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ झाली म्हणून कंबर गेली, असा निष्कर्ष डॅलेक यांनी काढला. मणक्याच्या काही शल्यचिकित्सकांना नंतर तो पटला नाही.

क्राउस यांना एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत साधली नाही. कमरेचा पट्टा सोडा, स्नायूंना त्यांचे काम करू द्या, असा त्यांचा आग्रह होता. केनेडी तो मान्य करत आणि गर्दीत जायच्या दिवशी पट्टा आवळत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये उघड्या मोटारीत बसतानाही तो कमरेला होता, आणि त्यावरून मांड्यांभोवती आठाच्या आकड्यासारखे गुंडाळलेले रुंद इलॅस्टिक बँडेज. पहिली गोळी मानेखाली पाठीतून आरपार गेली. त्या धक्क्याने माणूस पुढे किंवा बाजूला कोसळायला हवा होता, पण पट्ट्यामुळे ते ताठ बसून राहिले आणि पुढची गोळी डोक्याला लागली, असे काही डॉक्टरांचे मत आहे. पार्कलँड रुग्णालयात तातडीने कपडे कापून काढताना तिथल्या तरुण डॉक्टरांना आत तो पट्टा दिसला.